दोन लॉऱ्यांचा ताणा

लढाई संपली आणि कामठीच्या छावणीत जुन्या फौजी लॉऱ्यांचा लिलाव सुरू झाला, तेव्हा पाचपावलीच्या मारोतराव कोष्ट्याने घरचे चारही माग विकून दोन लॉऱ्या घेतल्या. आळी हसली. मागावर धोटा फेकणाऱ्याने चाकांच्या नादी का लागावं? पण सुताच्या टंचाईने माग महिनोन्‌महिने गप्प पडले होते आणि मारोतराव कपाळाला हात लावून बसणाऱ्यातला नव्हता. धाकटा भाऊ देवराव लढाईच्या दिवसांत छावणीतच लॉरी चालवायला शिकला होता. तो एक लॉरी हाकेल, आपण माल मिळवू, दुसरीसाठी ड्रायव्हर सवडीने शोधू, असा त्याचा बेत होता.

देवरावाचा जीव मागावर कधी रमलाच नाही. त्याच्या हातचं पातळ आळीत कोणीही ओळखायचं, कारण डावा काठ नेहमी जरासा ढिला. बापाने त्यापायी त्याला जन्मभर बोल लावले. लॉरीत मात्र तो छावणीतून आणलेला खाकी सदरा घालून ऐटीत बसायचा. मारोतरावाला त्याचं भारी कौतुक होतं. तसं त्याने कधी बोलून दाखवलं नाही, हे पुढे त्याला फार लागलं.

कोष्टी लोक माग कधी रिकामा करत नाहीत. ताणा सरत आला की शेवटची हातभर उभी सुतं तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचं एकेक सूत त्यांना गाठ मारून जोडतात. बापाच्या मागावरचा हा धागा असा आजोबांपासून चालत आलेला होता. माग विकताना मारोतरावाने ती सुतं सोडवून घेतली. नव्या धंद्यालाही जुना धागा हवाच की. पण लॉऱ्या पडल्या दोन. त्याने जुडीचे दोन भाग केले आणि प्रत्येक लॉरीच्या पुढच्या लोखंडी दांड्याला एकेक बांधला.

त्याची म्हातारी आई जनाबाई दारात उभी राहून बघत होती.

"एक ताणा दोन मागांले लावत नाही गा, मारोत," ती म्हणाली.

"माग कुठी आहेत माय आता? लॉऱ्या आहेत ह्या."

धंदा बरा चालला. देवराव सकाळी कापसाच्या गाठी भरून उमरेडकडे जायचा आणि दिवस कलताना परतायचा. दुसरीला ड्रायव्हर अजून मिळाला नव्हता, ती अंगणात चिंचेखाली उभी असायची. एके दिवशी दुपारी मारोतराव तिची धूळ पुसायला गेला आणि त्याने हात झटकन मागे घेतला. इंजिनावरचा पत्रा तव्यासारखा तापला होता. चिंचेची सावली तर गर्द होती.

मग त्याने मैलांचे आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवायला सुरुवात केली. देवरावाची लॉरी जेवढी चालायची, तेवढेच आकडे उभ्या लॉरीतही पुढे सरकायचे. किल्ली मारोतरावाच्या कमरेला असायची. पुढच्या आठवड्यात तिच्या चाकांना उमरेडच्या वाटेवरची काळी माती दिसली, ओली. देवरावाला सांगितलं तर तो हसला. आपल्याला फुकटात जोडीदार मिळाला म्हणाला.

मारोतरावाला हसू आलं नाही. त्याची झोप उडाली. एक दिवस देवराव माल घेऊन गेल्यावर तो घरातली कात्री घेऊन अंगणात आला. लॉरीचं इंजिन गरम होतं. जनाबाईने त्याचा हात धरला.

"देवराव रस्त्यावर आहे. चालता ताणा मधातच कापू नको. त्याले घरी येऊ दे, मंग काप."

तिचं म्हणणं त्याला पटत होतं. पण भीती माणसाला थांबू देत नाही. त्याने दांड्यावरची सुतं मधोमध कापली. पत्रा त्याच्या हाताखाली बघता बघता गार झाला. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

त्या दिवशी देवराव परतला नाही.

त्याची लॉरी उमरेडच्या वाटेवर हुडकेश्वरच्या पुढे सरळ रस्त्यावर मधोमध उभी सापडली. गाठी जागच्या जागी होत्या. दोन्ही दारं बंद होती. शेतातल्या बाया म्हणाल्या, गाडी येताना दिसली, ऐन बाराला थांबताना दिसली, उतरताना कोणी दिसलं नाही. पोलिसांनी विहिरी पाहिल्या, नाले पाहिले. मारोतराव महिनाभर गावोगाव फिरला. कात्री चालवलेला हात त्याला आपला वाटेनासा झाला.

शेवटी जनाबाईच म्हणाली, "तोडलं तूनं. जोड आता."

त्याने आळीतल्या लोकांकडून ढकलवून दोन्ही लॉऱ्या अंगणात तोंडाला तोंड लावून उभ्या केल्या. मधे वीतभर जागा ठेवली. कापलेल्या सुतांची टोकं त्याने दुसऱ्या लॉरीच्या सुतांना एकेक करून गाठ मारून जोडली. म्हातारी सूत वेगळं करून देत होती, तो गाठ मारत होता. दिवस मावळेपर्यंत दोन लॉऱ्यांच्या मधे वीतभर ताणा ताठ उभा राहिला.

सकाळी तो अंगणात आला.

इंजिनं दोन्ही गार होती. आकडे जागचे हलले नव्हते.

ताण्यावर बोटभर कापड विणलेलं होतं.

आडवं सूत खाकी होतं.

दुसऱ्या दिवशी ते दोन बोटं झालं. मारोतरावाला पुढे जाववेना. जनाबाई वाकली, तिने डोळे मिटले आणि कापडाच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं.

डावा काठ जरासा ढिला होता.