स्वल्प सावकाश

सिद्धलिंग आणि महानंदा यांचं लग्न लोहाऱ्यात थाटात पार पडलं, आणि वऱ्हाडातलं कुणीही रुसलं नाही.

हे वाक्य कुणी वाचलं असेल तर त्यानं विसरून जावं. तसलं काही झालेलं नाही. महाराष्ट्र होऊन दोन उन्हाळे झालेत, सिद्धलिंग धाराशिवहून निघालेल्या लोहारा गाडीत रंगीत खडूंची पेटी मांडीवर घेऊन बसलाय. लोहाऱ्याच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून रुजू व्हायचंय. लग्न हा विषय त्याच्या डोक्यात औषधालासुद्धा नाही.

नळदुर्गला दोघी चढल्या. एक शिवम्मा, साठीची, पितळी डब्यासारखी ठणठणीत. दुसरी तिची भाची महानंदा. शिवम्मा सिद्धलिंगशेजारी टेकली, महानंदाला पुढचा बाक मिळाला. तिच्या वेणीतला अबोलीचा गजरा सैल होता... वाऱ्यानं त्यातलं एक फूल सुटलं आणि अलगद खडूंच्या पेटीवर येऊन बसलं. सिद्धलिंगनं ते झटकलं नाही.

शिवम्मानं त्याच्या कपाळावरचं भस्म पाहिलं आणि आपला माणूस म्हणून थेट कानडीतच सुरुवात केली. सिद्धलिंगच्या घरची कानडी आजोबांबरोबर गेली होती. पण वडीलधाऱ्यांचं बोलणं तोडायचं नाही, एवढं वळण घरात होतं. त्यानं मान डोलावली. शिवम्माला हुरूप आला. त्यानं पुन्हा डोलावली. रस्ताही असा होता की न डोलावणाऱ्याची मान आपोआप डोलत होती.

पुढच्या बाकावरून महानंदा वळली. ओठ शाळा तपासणाऱ्या साहेबासारखे, डोळे मात्र हसरे.

"कळतंय का काही?"

"एक अक्षर न्हाय."

"मग मान कशाला हलवताय?"

"बरं दिसतं म्हणून."

"आत्याला सांगा की, जरा सावकाश बोला. तेवढं शिकवते मी. म्हणा – स्वल्प सावकाश माताड्री."

"यातलं सावकाश तर आपलंच आहे."

"ते इकडं दोन्ही घरी जेवतं. तुम्ही म्हणा."

जळकोट येईपर्यंत शिकवणी चालली. शेवटच्या 'ड्री'ला तोंड वाकडं करू नका, भांडायला आल्यासारखं वाटतं, असं तिनं बजावलं. माझ्या तोंडाकडं न्हाय, वाक्याकडं लक्ष द्या, असंही बजावलं. वाक्य तिथूनच निघतंय, असं तो पुटपुटला, आणि महानंदाला एकाएकी खिडकीबाहेरची तूर फार बघण्यासारखी वाटू लागली.

मग सिद्धलिंगनं शिवम्माकडं वळून हात जोडले आणि ते वाक्य म्हटलं. इतकं सुरेख म्हटलं की तिथंच घोटाळा झाला. शिवम्मानं त्याच्याकडं मायेनं पाहिलं. एवढ्या गोड कानडीत सावकाश बोला म्हणणाऱ्याला सगळी कानडी येणारच, हा आपला नम्रपणा करतोय, असं तिनं ठरवलं आणि दुप्पट वेगानं बोलू लागली.

महानंदाची पाठ हसून हसून हलत होती. मग अचानक ती हलायची थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंतर ती मागं वळलीच नाही. सिद्धलिंग मान डोलावत राहिला, पण आता जरा उदासपणे.

पुढच्या चढाला गाडीचं इंजिन तापलं. ड्रायव्हरनं गाडी एका लिंबाखाली उभी केली आणि तो डबा घेऊन पाणी शोधायला गेला. सगळे उतरले. शिवम्मानं पिशवी सोडून अख्ख्या गाडीला गूळ-शेंगा वाटायला घेतल्या. जो तो शेंगा फोडी आणि सिद्धलिंगकडं बघून हसे. एका म्हाताऱ्यानं तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मास्तर, तारीख कळवा बरं का," कंडक्टर म्हणाला.

रुजू व्हायची तारीख विचारतोय असं वाटून सिद्धलिंगनं उद्याच म्हणून सांगितलं.

"उद्याच? लई घाई केली," म्हातारा म्हणाला आणि त्यानं आणखी मूठभर शेंगा घेतल्या.

महानंदानं सिद्धलिंगला खुणेनं लिंबाच्या पलीकडं बोलावलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"आत्यानं लग्नाचं विचारलं. तुमचं... माझ्याशी. तुम्ही मान डोलावली."

"मी सगळ्यालाच डोलावली."

"ठाऊक आहे. म्हणून ते धरायचं न्हाय. मी आत्याला सांगते, त्यांना काही कळलं नव्हतं म्हणून." ती निघाली, दोन पावलांवर थांबली. "खरं तर तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मला सगळं कळत होतं."

"मग का न्हाय सांगितलं?"

महानंदानं उत्तर दिलं. पण लिंबाच्या मुळांकडं बघत, कानडीत, एका दमात. शिवम्मासुद्धा एवढ्या वेगानं बोलली नव्हती. पलीकडं ड्रायव्हर बॉनेट लावत होता. आता ती जाऊन आत्याला सांगणार, शेंगा पिशवीत परत जाणार, आणि ती आत्ता काय बोलली ते त्याला जन्मात कळणार नव्हतं.

सिद्धलिंगनं हात जोडले. "स्वल्प... सावकाश माताड्री."

या खेपेला 'ड्री' थरथरला. महानंदानं वर पाहिलं. मग ती इतकं सावकाश बोलली की कानडी वाटेतच गळून पडली आणि मराठी उरली.

"आत्यानं विचारलं, आमची पोरगी पसंत आहे का. तुमची मान हलली. खोटी का होईना... मला ती थांबवावीशी वाटली न्हाय."

गाडी उभी होती. वारा पडला होता. रस्त्याला बोल लावायची काही सोय नव्हती. तरी सिद्धलिंगची मान डोलली – एकदाच, अगदी सावकाश.

"कळलं म्हणून, का बरं दिसतं म्हणून?" तिनं विचारलं.

"कळलं म्हणून. बरं दिसतंय, ते वेगळंच."

तेवढ्यात हॉर्न वाजला.

सबब, वाहतूक खात्याच्या माननीय अधिकाऱ्यांस नम्र विनंती करण्यात येते की, लोहारा गाडीचे इंजिन यापुढे दररोज त्याच चढावर, त्याच लिंबाखाली तापविण्यात यावे, व ते सावकाश निवेल अशी तजवीज व्हावी. प्रवाशांची हरकत नाही. शेंगांचे शिवम्मा बघतील.