होडीतली दुसरी बैठक

“किती जण?” होडीवाल्या मावशींनी विचारलं आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “दोघं.”

दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, रिक्षात बसताना... बाबांच्या आजारपणात ती सगळीकडे हेच सांगत आली होती. आता बाबा नव्हते. सवय तेवढी राहिली होती. मावशी वल्हं टेकवून दुसऱ्या माणसाची वाट बघत राहिल्या. तिच्या मागे उभा असलेला उंच सुतारही खांद्यावरची हत्यारांची पिशवी सावरत गावाकडच्या वाटेकडे पाहू लागला. वाटेवर कुणीच नव्हतं.

“नाही... मी एकटीच,” ती म्हणाली.

मावशींनी खोदून विचारलं नाही. एवढंच सांगितलं, की ही जुनी मासेमारीची होडी. मधोमध मासळी ठेवायचा हौद, त्यामुळे माणसं बसणार ती दोन्ही कडांना. एकाच बाजूला वजन आलं की होडी कलते. तेव्हा समोरच्या बैठकीवर एक तर वाळूचं पोतं ठेवायचं, नाहीतर हा माझा भाचा बसेल. त्यालाही पलीकडे दीपगृहाचा जिना दुरुस्त करायला जायचंच आहे.

तिनं भाच्याकडे पाहिलं. डोळे हसरे, केसांत लाकडाचा भुसा. पण ती जागा...

“पोतं चालेल,” ती म्हणाली.

मावशी इतक्या हसल्या, की होडी डुलली. “मुली नाही म्हणतात ते ठीक रे बाबा, पण आज पोत्यानं मात केली तुझ्यावर.”

सुतारानं मुकाट्यानं पोतं उचलून बैठकीवर ठेवलं आणि स्वतः पुढच्या खेपेसाठी धक्क्यावर थांबला.

हे दीपगृह बाबा तिला लहानपणापासून दाखवणार होते. दर सुट्टीत बेत ठरायचा, दर सुट्टीत काहीतरी आडवं यायचं. अंथरुणावर पडल्यापडल्याही ते म्हणायचे, बरा झालो की आधी तिथे जाऊ. म्हणून ती रजा काढून आली होती. रोज सकाळी पोत्यासमोर बसून पलीकडे जायची, दीपगृहाच्या पायथ्याशी बसायची आणि वर न चढताच परतायची. दुपारी गाव पालथं घालायची. मासळीच्या लिलावाची ओली शेड, भिंतीला टेकून जाळी विणणारे म्हातारे, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात मांडलेलं जुन्या होड्यांचं संग्रहालय. आणि जाईल तिथे, कसा कोण जाणे, तो सुतार भेटायचा.

“आज काय म्हणालं पोतं?” तो गंभीर चेहऱ्यानं विचारायचा.

“तुमच्यापेक्षा शहाणं आहे. चौकशा करत नाही.”

“कशा करणार? त्याचं तोंड शिवलंय... माझं राहून गेलं.”

ती हसली – आणि आपण हसलो याचं तिलाच नवल वाटलं. मग ती त्या प्रश्नाची वाट बघू लागली. तो होडीच्या फासळ्या कशा वाकवतात ते सांगायचा, आणि ती फासळ्या सोडून त्याचे हात बघत बसायची. संग्रहालयाच्या पायरीवर एका संध्याकाळी तिनं बाबांचं सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, “त्यांना कुठल्या बाजूला बसायला आवडलं असतं?”

“खुल्या समुद्राच्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोतं समुद्राच्या बाजूला ठेवलेलं होतं.

रजेचा शेवटचा दिवस उजाडला. ती लवकरच धक्क्यावर आली, तर तो गुडघ्यांवर बसून पोत्याचं तोंड शिवत होता. शेजारी ओल्या वाळूचा ढीग.

“भरतीत भिजलं,” तो वर न बघता म्हणाला. “ओलं पोतं जड होतं, होडी त्या अंगाला कलते. कोरडी वाळू भरली. म्हटलं, आज शेवटचं... दोघांना नीट जाऊ दे.”

वाऱ्यानं ओढणी तोंडावर आली, ती तिनं तशीच राहू दिली.

मावशींनी होडी लावली. ती एकटीच आहे हे आता पाठ झालेलं असूनही त्यांनी विचारलं, “किती जण?”

“दोघं,” ती म्हणाली.

सुतारानं पोत्याला हात घातला.

“ते राहू दे,” ती म्हणाली. “बाबांना बसू दे इथेच, सावलीत. खरं सांगू?... त्यांना बोट लागायची, पाण्यावर मळमळायचं. म्हणून तर दर सुट्टीत काहीतरी आडवं यायचं. मला कळायचं, पण मी कधी बोलले नाही.”

तो समोर येऊन बसला. होडी क्षणभर कलली, मग सावरली. मावशी अगदी मुद्दाम दुसरीकडे बघत वल्हवू लागल्या.

“जिना पक्का आहे का? आज वर जाईन म्हणते,” तिनं विचारलं.

“केव्हाच झाला. तुम्ही आलात त्या दिवशी थोडंसंच राहिलं होतं.”

“मग रोज सकाळी धक्क्यावर कशाला उभे असायचात?”

तो हौदाच्या झाकणावर बोट फिरवत राहिला. “ही जागा रिकामी होते का... ते बघायला.”

तिनं मागे वळून पाहिलं. धक्क्यावरचं पोतं लहान लहान होत गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली. मग ती वळली.

“पुढच्या महिन्यात पुन्हा रजा मिळेल,” ती म्हणाली. “जागा धरून ठेवा.”