डाव्या खांद्यावरची लाथ

कुणाला थाप वाटली तर वाटू दे. मी यात एक शब्दही वाढवलेला नाही. उलट मावशीने सांगितलेलं थोडं गाळलंय, कारण ते लिहिताना माझाच हात थांबला.

घडलं ते भरदुपारी. बरोबर अडीच वाजता. भुतं रात्रीच येतात म्हणे! त्यांना घड्याळ कुणी दिलंय?

माझी धाकटी मावशी रणगाड्यांच्या संग्रहालयात मेकॅनिक आहे. पत्र्याची लांबलचक शेड, आणि तिच्यात शंभर वर्षांचे रणगाडे ओळीने उभे. आधीचे म्हणजे नुसते लोखंडी पेटारे. आठ माणसं आणि धगधगतं इंजिन, सगळे एकाच खोलीत! मग फिरत्या घुमटाचा छोटा, दोघांचा. मग जाड चिलखतांचे, मग रेडिओवाले. आणि टोकाला कॉम्प्युटरने नेम धरणारं धूड.

मावशी आठ महिने त्या दोन माणसांच्या गाड्याच्या दुरुस्तीमागे लागली होती. त्या दिवशी तो पहिल्यांदा चालणार होता.

त्यात चालक पुढे, खाली बसतो. कमांडर त्याच्या मागे घुमटात उभा. चालकाला एका फटीतून दिसेल तेवढंच दिसतं. इंजिनच्या आवाजात ऐकू काहीच येत नाही. रेडिओ तेव्हा नव्हता. मग हुकूम द्यायचा कसा?

लाथेने.

डाव्या खांद्यावर बसली की डावीकडे वळ. उजव्यावर बसली की उजवीकडे. पाठीत बसली की पुढे चल. आणि डोक्यावर बसली की थांब.

"आमची आईपण आम्हाला असंच चालवायची," मावशी म्हणायची.

शेडच्या डाव्या भिंतीशी वेल्डरचं टेबल. त्याचं आणि मावशीचं विळ्याभोपळ्याचं सख्य. गेल्या महिन्यात पंप त्याने फोडला आणि नाव मावशीचं सांगितलं. लेखी माफी तिला मागावी लागली!

त्या दुपारीही तो गप्प बसेना.

"काय बाई, आठ महिने झाले. शिलाई मशीन घेतलं असतंत तर एव्हाना दुकान निघालं असतं."

"तुमचे जोड बघितले ना, की मला शिवणच आठवते," मावशी म्हणाली. "उसवलेली."

चाचणी बघायला आलेला फोरमन खो खो हसला. वेल्डर हसला नाही. त्याने तोंडावर मुखवटा ओढला, पाठ फिरवली आणि स्टुलावर बसून ग्राइंडर सुरू केला.

"मी समोर दारात उभा राहतो," फोरमन म्हणाला. "सरळ माझ्याकडे आण."

मावशी आत बसली. इंजिन पहिल्याच झटक्यात पेटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. गाडा खडखडत निघाला, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने.

आणि मग...

डाव्या खांद्यावर लाथ बसली.

जोरात. टाचेने.

"साहेब, चेष्टा पुरे!" मावशी ओरडली.

मग तिने फटीतून पाहिलं.

फोरमन समोर दारात उभा होता. हातात चहाचा कप.

मग वर... कोण?

पुन्हा डाव्या खांद्यावर. तिच्या हाताने वळायचा डावा दांडा ओढला. तिने नाही ओढला... हाताने ओढला. गाडा जागच्या जागी वळला. फटीतून दार गेलं, फोरमन गेला. ठिणग्या दिसल्या.

आणि निळ्या कपड्यांतली पाठ.

वेल्डरला काही दिसत नव्हतं. ऐकूही येत नव्हतं.

मागून कुणाचा तरी श्वास मानेला लागला. सावकाश... निवांत.

मग पाठीत लाथ.

चल पुढे.

मावशीने दांडे सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. क्लचवर पाय नेते म्हटलं, तर पाय जड दगड. पाठीत पुन्हा. पुन्हा. ती निळी पाठ जवळ येत होती. आता तिच्यावरचा ग्रीसचा डागही दिसत होता.

शरीर तिचं ऐकत नव्हतं. लाथेचंच ऐकत होतं.

मग तिला सुचलं.

तिने मान मागे घेतली आणि स्वतःचं डोकं वरच्या लोखंडावर आपटलं.

थांब!

पाय आपोआप क्लचवर गेले. गाडा थांबला.

फोरमन धावत आला. स्टूल चपटं झालं होतं. वेल्डर बाजूला पडून किंचाळत होता. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली, पण जीव वाचला. मावशीच्या डोक्याला सात टाके पडले.

"घुमटात कोण चढलं होतं?" तिने शुद्धीवर येताच विचारलं.

"कोण चढणार? शेडमध्ये आपण तिघंच," फोरमन म्हणाला.

चौकशीत दांडा अडकला असं ठरलं. तपासला तेव्हा दांडा ठणठणीत होता.

गेल्या आठवड्यात मावशीने मला हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "वर कुणीतरी होतं, याचं मला आता फारसं काही वाटत नाही गं. पण त्या गाड्यात हुकूम वरून खाली येतो. खालून वर काही कळवायची सोयच नाही."

"मग?"

"मग माझ्या मनात काय चाललं होतं... ते त्याला कुणी सांगितलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो.

हल्ली मी तिच्याशी भांडत नाही. चुकूनसुद्धा.