मंदाताईंची पाण्याची युक्ती

आठव्या दिवशीही कुंभारटेकाचे नळ नुसते फुसफुसले, तेव्हा मंदाकिनी तळेलेंनी शिलाईचं दुकान बंद केलं आणि रिक्षानं नगरपालिकेचा गणनाकक्ष गाठला. पाण्याचा राग होताच, पण सकाळी जे कळलं होतं त्यानं त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मंदाताई फावल्या वेळात ‘वसवा’ खेळत. संगणकावर शहर वसवायचं आणि रहिवाशांच्या सरासरी समाधानावर गुण मिळवायचे, असा तो नगरपालिकेच्या गणनाकक्षानं काढलेला खेळ. त्याच्या कट्ट्यावर खेळाडू आपले नकाशे मांडत, एकमेकांना युक्त्या सांगत. मंदाताईंची पाण्याची युक्ती तिथं फार गाजली होती. चढावरच्या गल्लीला पाणी चढवायला पंपाची वीज खूप लागते, म्हणून तिचं पाणी तोडायचं. लोक चार दिवस कुरकुरतात आणि शहर सोडून जातात. गेलेल्यांचं समाधान कोणी मोजत नाही, त्यामुळे सरासरी वर जाते. चाळीस हजार जणांनी शाबासकी दिली होती, आणि मंदाताई आठवडाभर खुशीत होत्या.

आवडलेला नकाशा त्या कापड बेतण्याच्या पातळ कागदावर उतरवून ठेवत. आज सकाळी तो कागद चुकून उलटा धरला गेला आणि त्यांना नदीचं वळण ओळखू आलं. मग स्टेशन, मग बाजार. चढावरची गल्ली म्हणजे त्यांचं स्वतःचं कुंभारटेक होतं.

गणनाकक्षाचे प्रमुख डॉ. प्रद्युम्न लोखंडे त्यांना पाहून उठून उभे राहिले. पाण्याच्या युक्तीवाल्या मंदाताई आपल्या शहरातच राहतात हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. या माणसाला लाज कशी वाटत नाही, असं मंदाताईंना वाटलं. लोखंड्यांनी काही लपवलंही नाही. ‘वसवा’ म्हणजे आपलं ‘जुळं शहर’, ते म्हणाले. खऱ्या शहरातलं प्रत्येक घर, प्रत्येक नळ आणि प्रत्येक माणसाची एक छाया त्यात असते. ती छाया त्या माणसासारखीच वागते, फक्त तीन महिने पुढे चालते. हजारो खेळाडू फुकटात प्रयोग करतात आणि ज्या योजनेला सर्वांत जास्त गुण, ती खऱ्या शहरात आपोआप लागू होते. आपल्या गल्लीची कड कोणी घेऊ नये, म्हणून नकाशा उलटा आणि नावं बदललेली.

“आम्हाला विचारलं का कोणी?” मंदाताईंनी विचारलं. “मी खेळत होते, डॉक्टरसाहेब. खेळात माणसं हाकलली. समोर हसीनाबी राहते, तिचा गुडघा गेलाय, ती टेकडी उतरून हंडा आणते. हे माहीत असतं तर मी असं लिहिलं असतं?”

“नसतं लिहिलं,” लोखंडे शांतपणे म्हणाले. “म्हणूनच सांगत नाही.”

मंदाताईंनी मेजावर हात आपटला. तक्रार लिहून घ्या, आत्ताच्या आत्ता पाणी सोडा, नाहीतर सगळी गल्ली इथं आणून बसवते, असं त्यांनी बजावलं. लोखंड्यांनी संगणकात त्यांचं नाव टाकलं. पडद्याकडे पाहून त्यांचा चेहरा जरा पडला.

“तक्रार घेता येत नाही. तुमची छाया गेल्या बुधवारी शहर सोडून गेली. हसीनाबींची त्याच्या आदल्या दिवशी. कुंभारटेकावर आता कोणी राहत नाही.”

“मी तुमच्यासमोर बसलेय.”

“दिसतंय मला,” ते म्हणाले, आणि खरंच त्यांना वाईट वाटत होतं. “पण पाणी सोडायचं तर तिथं कोणी राहत असल्याची नोंद लागते, आणि नोंद छायांवरूनच होते.”

आपल्याला अजून काही करता येईल, असं मंदाताईंना वाटत होतं. त्या उठल्या. कट्ट्यावर जाऊन सगळ्यांना खरं सांगते, युक्ती मागे घेते, असं म्हणाल्या. लोखंड्यांनी अडवलं नाही. लागू झालेली योजना मागे घेता येत नाही, शेवटपर्यंत न्यावी लागते, एवढंच त्यांनी सांगितलं.

तेव्हा मंदाताईंना युक्तीची शेवटची ओळ आठवली. दोन जास्तीच्या गुणांसाठी त्यांनी ती स्वतःच हौसेनं लिहिली होती: गल्ली रिकामी झाली की घरं पाडा आणि तिथं बाग करा.

“पाडायचं काम कधी आहे?” त्यांनी विचारलं.

“सोमवारी,” लोखंडे म्हणाले. “बागेला तुमचं नाव द्यायचं ठरलंय.”