पुठ्ठ्यावरची खोली

टी-शर्ट रंगवायचा तर आधी त्याच्या पोटात पुठ्ठा घालावा लागतो, नाहीतर रंग झिरपून पाठीवर उतरतो. हे मला चांगलं माहीत होतं, तरी विसरले. त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा हात ब्रशवर होता आणि कान बाहेरच्या दाराकडे, कारण बाबा कधीही चपला घालून निघाले असते.

बाबा रोज दुपारी घरी जायला निघायचे. राहत्या घरातून! "बराच वेळ बसलो, आता निघतो," असं अदबीने सांगून. मला ते 'बाई' म्हणायचे. आपण कुणाकडे तरी पाहुणे आलोय आणि ही बाई चहा बरा करते, एवढीच माझी ओळख उरली होती. मागच्या आठवड्यात ते मोठ्या रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर उभे असलेले सापडले, एकाच पायात चप्पल. माझा मोठा भाऊ त्यांना घेऊन आला तेव्हा घामाने निथळत होता.

"बास झालं," दादा म्हणाला. "जिथे दारांना कुलपं असतात अशा ठिकाणी ठेवू त्यांना. पुन्हा एकदा गेले ना, की मी तुझं काही ऐकणार नाही."

ज्या घरी बाबांना जायचं होतं ते त्यांच्या लहानपणीच धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. मागे राहिला होता एक काळापांढरा फोटो, समोरून काढलेला. मधे दार, दोन्ही बाजूंना खिडक्या, वर उतरती कौलं. मला वाटलं, घर अंगावरच घातलं तर जायची घाई कमी होईल. दादाने कपाळावर हात मारून घेतला.

"आणि याला खर्च किती?"

"खर्च कसला डोंबलाचा? तुझा जुना पांढरा टी-शर्ट घेते."

"तो काखेत फाटलाय."

"शिवून घेते. रंगाच्या तीन छोट्या बाटल्या घेतल्या की झालं."

"तुला स्वर्गात नेलं तरी आधी विचारशील, सेल कुठे लागलाय."

काळा, तांबडा आणि पिवळा, एवढेच रंग आणले. मी इमारतींचे नकाशे काढते, त्यामुळे रेघा सरळ येणं ही काही कला नव्हे. कौलांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापला, खिडक्यांचे गज आगकाडीने ओढले. घर हुबेहूब झालं. मग पुठ्ठ्याची आठवण झाली.

टी-शर्ट उलटा केला. पाठीवर रंगाचा राडा असणार होता, फार तर समोरचं दार पुसट उमटलं असतं.

तिथे घराची मागची बाजू होती.

खिडकी एकही नव्हती. डाव्या कोपऱ्यात एक ठेंगणं दार, किलकिलं उघडं. दाराशी कपडे धुवायचा दगड, त्याची एक कड झिजलेली. आमच्या कामात घराची पुढची आणि मागची बाजू शेजारी शेजारी काढावी लागते, आणि मापं जुळली नाहीत तर साहेब कागद तोंडावर फेकतात. मी पट्टी आणली. रुंदी जुळली, छपराची दोन्ही टोकंही जुळली.

डाग आहे, मी स्वतःला समजावलं. सुताची वीण, पातळ रंग, आणि दिवसभर घरच डोक्यात. माणसाला ढगातही उंट दिसतो. मी हे मोठ्याने म्हणत असावे, कारण मागून चपलांचा आवाज आला आणि थांबला. बाबा टेबलाशी उभे होते.

"अहो बाई," ते म्हणाले, "तुम्ही आमच्या मागच्या अंगणात कधी गेला होतात?"

ते खुर्ची ओढून बसले. बोटाने त्यांनी धुण्याच्या दगडाची झिजलेली कड चाचपली, मग वाकून चपला काढल्या आणि टेबलाखाली नीट जोडून ठेवल्या. त्या दुपारी ते कुठेही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रंगाचा दुसरा हात द्यायचा होता. या वेळी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा आठवणीने आत सरकवला. काम झालं, रंग वाळला, पुठ्ठा ओढून बाहेर काढला.

त्यावर घराचा आतला भाग होता. माळ्यावर जाणारी लाकडी शिडी, खुंटीला अडकवलेली टोपी, भिंतीलगत लांब बाक. माणूस कुणी नव्हता. बाकावर एक वाटी होती आणि वाटीतून वाफेची पांढरी रेघ वर चालली होती.

पांढरा रंग माझ्याकडे नव्हताच. पुठ्ठा तपकिरी होता.

संध्याकाळी दादा आला. त्याने त्या रेघेवर नख घासून पाहिलं. मग कचऱ्याचा डबा उपसला, मोरीत पाहिलं, माझी पर्ससुद्धा पालथी केली. पांढऱ्या रंगाची बाटली त्याला सापडली नाही. शेवटी त्याने पुठ्ठा भिंतीकडे तोंड करून ठेवला, दोन पावलं गेला आणि परत येऊन सरळ केला.

"असं पाठमोरं नको," तो पुटपुटला. कुलपांचा विषय त्याने त्या दिवशी काढला नाही.

मला भीती वाटली नाही, हे सांगायलाच हवं. फार उंच काहीतरी समोर उभं राहिलं की आपला आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं होतं. आम्ही दोघं भावंडं घरात हळू बोलू लागलो. मी आतल्या बाजूने इस्त्री फिरवून रंग पक्का केला आणि टी-शर्ट बाबांच्या अंगात घातला. त्यांनी छातीवर हात फिरवला आणि दीर्घ श्वास सोडला. त्यानंतर दुपारमागून दुपार गेली, त्यांच्या चपला जागच्या हलल्या नाहीत. मी मात्र अजून 'बाई'च होते. आनंदात तेवढी एक कळ राहिली.

मग एकदा टी-शर्टवर चहा सांडला. धुवायला काढून द्यायला बाबा तयार होईनात. शेवटी दिला, पण मोरीच्या दारात स्टूल टाकून पहाऱ्याला बसले.

गार पाण्यात बुडवला, थोडासा साबण लावला. बादलीत रंग उतरला नाही. तळाशी करडा गाळ बसला, मऊ, नदीच्या तळाला असतो तसा. मी तो चिमटीत घेतला, परत पाण्यात सोडला आणि टी-शर्ट बाहेर काढून दोन्ही हातांनी पीळ द्यायला घेतला.

"पिळू नकोस, चिंगे."

माझे हात थांबले. शाळेत जायच्याही आधी बाबा मला या नावाने हाक मारायचे. किती तरी दिवसांनी ते माझ्याकडे, माझ्याचकडे बघत होते. डोळे स्वच्छ होते. माझे भरून आले.

"बाबा?"

"हळू धर, बाळा. आत माणसं आहेत."

मी पीळ सोडला.

खांद्यांच्या शिवणींना धरून टी-शर्ट समोर उभा धरला. पाणी ठिबकलं, ठिबकायचं थांबलं. वजन कमी झालं नाही.

मग ते वजन माझ्या डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे सरकू लागलं. सावकाश, मधे थांबत.

बाबा त्याच्याबरोबर मान वळवत होते.