समेवर न येणारी गत

यातलं रचलेलं काही नाही. कुणाला पटणार नाही, हे ठाऊक आहे. शरयूला स्वतःलाही पुष्कळ दिवस पटलं नव्हतं. पण दुपारी तीनच्या सुमाराला ती आजही घरात एकटी बसत नाही.

हो, दुपारीच. हे रात्रीचं नाही. लख्ख उन्हात घडलेलं आहे. गाव भोकरदन, साल १९५७.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. शरयू पुढच्या खोलीत शाळेतल्या मुलींच्या निबंधाच्या वह्या तपासत बसली होती. तिचे वडील केशवराव, म्हणजे आप्पा, नदीवरून आले.

केळणा नदीच्या काठी तासन्‌तास बसायचं, वारा ऐकायचा, आणि घरी येऊन तो बासरीवर धरायचा, हा आप्पांचा रोजचा उद्योग. बासरी गुराख्यानं वाजवावी, फार तर भजनात साथीला घ्यावी, असं तेव्हा गावात सगळेच म्हणत. आप्पांना ती एकटी मैफलीत बसवायची होती. त्यासाठी तीन वर्षं ते भीमपलासीत एक गत, बासरीवरची बंदिश, बांधत होते. वारा ज्वारीवरून येतो, कणसं वाकवतो, बांधाशी येऊन थांबतो...

तो थांबतो कसा, तेवढंच सुरांत सापडत नव्हतं. गत समेवर उतरतच नव्हती.

"शरयू, सापडलं गं! ऐक."

त्यांनी वाजवली. पहिल्यापासून शेवटापर्यंत.

"ऐकलंस?"

"हो, आप्पा."

"शेवट बराबर उतरला ना?"

"छान उतरला."

"मंग आजच लिहून ठेव. माझ्या डोळ्यांना आता वही दिसत नाही."

"ठेवते."

शरयूनं मान वर केली नव्हती. तिच्या हातात सव्विसावी वही होती.

तिनं एक सूरही ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा नदीवर गेले, ते बैलगाडीतून घरी आले. वाळूत बसल्या बसल्याच गेले होते.

महिन्याभरानं रामकिसन आला. आप्पांचा एकुलता एक शिष्य. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात नोकरीला होता.

"ताई, गुरुजींनी त्याच दिवशी निरोप धाडल्ता, गत पुरी झाली म्हणून. पंधरा दिवसांनी जालन्यात बैठक हाय. एकटी बासरी! लोकं हसून राह्यले. म्हणले, रामकिसन, गायी कुठं बांधायच्या तेवढं सांग. मला गुरुजींचीच गत वाजवायची हाय, त्यांच्या नावानं. न्हाईतर ती गेलीच म्हणायची. शेवट तुम्ही ऐकलाय ना?"

"ऐकलाय," शरयू म्हणाली.

आत जाऊन तिनं शेवटची ओळ रचली आणि आप्पांच्या गतीच्या वहीत लिहिली. राग तिला चांगला ठाऊक होता. ओळ नियमात बसत होती, मात्रा चुकत नव्हती. कुणाला काय कळणार होतं?

दुपारी तीनच्या सुमाराला रामकिसन पुढच्या खोलीत वाजवायला बसला. समोर वही. खिडकीबाहेर कापणीला आलेली ज्वारी सळसळत होती. पारवे घुमत होते.

त्यानं गत सुरू केली. सुरेल वाजवत होता. शेवटची ओळ आली...

आवाज बंद.

बोटं बरोबर छिद्रांवर होती. फुंक जात होती. सूर मात्र नव्हता.

"थंडीनं झालं असंल," तो म्हणाला. पिशवीतून दुसरी बासरी काढली.

शेवटची ओळ आली... पुन्हा तेच. नुसती हवा.

त्यानं दुसरं काहीबाही वाजवून पाहिलं. बासरी खणखणीत वाजली.

शरयूनं ओळ खोडून दुसरी लिहिली. मग तिसरी. प्रत्येक वेळी शेवटाशी सूर जायचा.

"गुरुजी हयातीतबी असंच करायचे," रामकिसन हसला. "चुकलं की बासरीच काढून घ्यायचे हातातून."

शरयू हसली नाही.

चौथ्या वेळी त्यानं वैतागून बासरी ओठांपासून दूर केली. मांडीवर ठेवली.

फुंकेचा आवाज थांबला नाही.

फू... फू... लांब, सावकाश. म्हाताऱ्या माणसाच्या छातीतून यावा तसा.

तेव्हा शरयूच्या ध्यानात आलं, की पारवे केव्हाचेच गप्प झालेत. खिडकीबाहेर ज्वारी उभी होती. एक पान हलत नव्हतं.

रामकिसनचा चेहरा उतरला.

"ताई, खरं सांगा. तुम्ही ऐकलं होतं ना?"

"किती वेळा विचारशील? ऐकलं होतं!"

तो जल्दी जल्दी पिशवी उचलून जालन्याच्या मोटारीला गेला. एक बासरी सतरंजीवर तशीच राहिली.

शरयूनं कडी लावली.

मागून गत सुरू झाली.

ती वळली. बासरी जागेवरच होती. तिला कुणी हात लावला नव्हता. पण खोली सुरांनी भरली होती. वारा ज्वारीवरून आला, कणसं वाकवली, बांधाशी आला...

आणि थांबला.

मग पुन्हा पहिल्यापासून.

एकदा. दोनदा. पाच वेळा. प्रत्येक वेळी तिथंच थांबायची. विद्यार्थ्यानं पुढचं म्हणावं म्हणून मास्तर थांबतो तशी.

"मग उरलेली वाजवा ना!" शरयू ओरडली. "तुम्हाला येते ना? मला कशाला विचारता? वाजवा आणि संपवा एकदाची!"

गत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

ती मटकन खाली बसली. महिनाभर डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते आताही येईना.

"मी ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "वह्या तपासत होते. खोटं बोलले."

गत शेवटाशी आली. थांबली. क्षणभर काहीच नाही...

मग पुन्हा पहिल्यापासून.

एवढ्यानं भागणार नव्हतं.

तिनं दोन्ही हात सतरंजीवर टेकले. आप्पा बसायचे त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. सूर बांधाशी येऊन थांबले होते.

"आप्पा," ती म्हणाली, अगदी स्पष्ट, वर्गात बोलावं तसं, "मला तुमच्या बासरीचा वीट आला होता."