पंधरावं नाव

मला रग्बीतलं काय कळतं, तर एवढंच, की ज्याचे कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झालेत त्याच्या ताटात ग्रेव्ही जास्त ओतायची. स्कारबेक गावच्या रग्बी क्लबात आधी जेवण बनवणाऱ्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा "दोन आठवडे बघशील का?" म्हणून मला विचारलं होतं. त्याला चार वर्षं झाली. ते दोन आठवडे अजून संपायचे आहेत.

परवाच्या गुरुवारी मी थांबले होते ती फक्त माझ्या पातेल्यासाठी. प्रॅक्टिस संपली होती, बाकीचे घरी गेले होते, आणि तळाशी उरलेला मटण-बटाटा पाच पोरं खरवडत बसली होती. ती उठतील तेव्हा पातेलं मिळणार. बाहेर डोंगरावरून धुकं उतरलं होतं. गाडी हळू चालवावी लागणार म्हणून मी मनातल्या मनात कुरकुरत होते.

कॅप्टन रीस फोनवर शनिवारची टीम भरत होता.

"फिन, तू पुढच्या रांगेत."

"मी?" फिनचा काटा खाली पडला. "अरे, मी कडेनं पळणारा माणूस. माझं वजन तुझ्या आईच्या कुत्र्याएवढं आहे."

"कुत्रं जास्त भरेल. फक्त उभा राहायचंय रे. पंधरा नावं पुरी करायचीत. दोनदा माणसं नाहीत म्हणून सामने सोडले आपण. तिसऱ्यांदा सोडला की लीगमधून हकालपट्टी."

"आणि रेफरीनं विचारलं तर?"

"तर लहानपणापासून खेळतो म्हणायचं."

कोपऱ्यात आयव्हर थ्वेट बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. पोरं त्यांना नुसतं आयव्हर म्हणतात. माझी जीभ अजून वळत नाही, मी आयव्हरकाकाच म्हणते. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"डेरेक मॉसपनं अगदी हेच शब्द वापरले होते," ते म्हणाले.

"कोण डेरेक?" रीसनं विचारलं.

"या क्लबाचा सेक्रेटरी. तू तेव्हा शाळेत होतास. बस, सांगतो. आणि भिंतीवरच्या त्या फोटोंकडे बघू नकोस, त्यात त्याचा फोटो नाही. आम्ही काढला."

मी पातेल्याचा नाद सोडला आणि खुर्ची ओढली. बाहेर धुकं होतंच की.

*

"सत्त्याऐंशी सालापर्यंत लीगच नव्हती," आयव्हरकाका म्हणाले. "शेजारच्या गावाला पत्र टाकायचं, शनिवारी या म्हणून. तेरा आले तर तेरा खेळायचे. कमी पडले तर त्यांचेच दोन आपण उसने घ्यायचे. हरलो तरी बिअर तीच. मग लीग आली. तक्ता आला, गुण आले, वर जाणं आलं, खाली पडणं आलं. आणि डेरेकसारखी माणसं सोमवारी पेपर उघडून आधी तक्ता बघायला लागली.

"वाईट माणूस नव्हता. मैदानाचं गवत कापायचा, जर्सी धुवायचा, रंग मारायचा. बायको सोडून गेली तर म्हणाला, बरं झालं, शनिवार मोकळा झाला. त्याला एकच भीती होती. आपल्या हातून क्लब लीगबाहेर जाईल.

"दोन हजार अठराचा ऑक्टोबर. पुढच्या रांगेचा माणूस आलाच नाही. किट फेरॉन म्हणून दुधाचा टँकर चालवायचा, काठीसारखा, कडेनं पळायचा. आपल्या फिनसारखा. डेरेक म्हणाला, फक्त उभा राहा. रेफरी पुढच्या रांगेतल्या प्रत्येकाला विचारतो ना, इथे खेळायचं शिकलायस का? किटनं डेरेककडे बघितलं. डेरेक बाहेरून ओरडला, लहानपणापासून!"

"आणि तू कुठे होतास?" फिननं विचारलं.

"रेषेवर. रेफरीच्या मदतीला, हातात झेंडा घेऊन." आयव्हरकाकांनी ग्लास फिरवला. "सगळं ऐकलं. झेंडा खालीच ठेवला.

"बासष्टाव्या मिनिटाला स्क्रम कोसळला. सोळा माणसं, आठ विरुद्ध आठ, डोकी एकमेकांत घालून रेटणारी, आणि सगळा भार पुढच्या रांगेतल्या तिघांच्या मानेवर. पंधरा उठली. किट खाली. डोळे उघडे, हात हलेना. आम्ही सगळे धावलो. डेरेकही धावला, पण रेफरीकडे. म्हणाला, 'किती मिनिटं झाली?'"

रीसनं मान वर केली. त्याला कळलं होतं. मला कळलं नव्हतं. रीसच हळू आवाजात मला म्हणाला, "साठ मिनिटं झाली असली, की सामना थांबला तरी निकाल धरतात."

"आम्ही तीन गुणांनी पुढे होतो," आयव्हरकाका म्हणाले. "निकाल धरला.

"किट सात महिने जगला. मानेखाली काही नाही. डेरेक त्याला एकदाच भेटायला गेला. मी बरोबर होतो. किटनं विचारलं, 'डेरेक, मी पडलो तेव्हा तू काय विचारत होतास?' डेरेक म्हणाला, 'डॉक्टर कुठाय ते.' किट म्हणाला, 'मला ऐकू येत होतं रे. फक्त ऐकूच येत होतं.'

"मे महिन्यात गेला. चौकशीत डेरेकनं सांगितलं, किटनंच हट्ट केला. टँकरवाल्याचं कोण ऐकणार, तेही मेलेल्याचं?"

*

"आता ऐका. सत्तावीस नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. बुधवार. पावसानं बुडालेला एक सामना दिव्यांखाली उरकायचा होता, हॅलोगिलविरुद्ध. सुरुवात साडेसातला. त्या वर्षीही आम्ही दोन सामने सोडले होते. आणि सव्वासहाला डेरेक मोजतोय तर माणसं चौदा.

"एक युक्ती सगळेच क्लब करतात. बाहेरचा माणूस आणायचा आणि आपल्या कुणाच्या तरी नावावर उतरवायचा. डेरेकनं कार्लाइलचा एक धिप्पाड गडी ठरवला, तो खिंडीतून गाडीनं येणार होता. पण नाव कुणाचं द्यायचं? जो येणार नाही हे नक्की, त्याचंच. किटचं नाव लीगच्या यादीत अजून होतं. मेलेल्याचं नाव काढायला एक फॉर्म भरावा लागतो. डेरेकनं भरला नव्हता.

"पेन उचललं. पुढच्या रांगेतला तीन नंबर, किट फेरॉन. मी म्हटलं, 'डेरेक, हे नको.' तो म्हणाला, 'त्याची काही तक्रार आलीय का?'"

कुणी हसलं नाही.

"सात वाजून वीस मिनिटांनी तो कपडे बदलायच्या खोलीत गेला. कोपऱ्यात एक जण पाठमोरा बसलेला. तीन नंबर घातलेला. डोक्याला टोपी बांधलेली. डेरेकला हायसं वाटलं. खांद्यावर थाप मारून म्हणाला, 'आलास, छान. आज तुझं नाव किट. कुणी विचारलं तर किट म्हणायचं.'

"त्या माणसानं मान हलवली. मान खाली गेली…"

आयव्हरकाकांनी एक घोट घेतला.

"वर आली नाही. तशीच लोंबत राहिली. डेरेकला वाटलं, दमला असेल, लांबून आलाय.

"मैदानावर धुकं. चार दिव्यांतले दोनच नीट चालत होते. रेफरीनं पुढच्या रांगेला विचारलं, शिकलायस का? तीन नंबरनं तोंड वर केलं नाही. आवाज आला, 'लहानपणापासून.' मी रेषेवर होतो. झेंडा घेऊन. परत."

"आवाज कुणाचा होता?" फिननं विचारलं.

आयव्हरकाकांनी ग्लास बाजूला सरकवला.

"काय खेळला तो! प्रत्येक स्क्रममध्ये हॅलोगिलवाले मागे. डेरेक रेषेवर नाचत होता. पण हाफ टाइमला त्यांचा समोरचा गडी माझ्याजवळ आला. साडेसहा फूट उंच, दाढीवाला, आणि माझी बाही सोडेना. म्हणाला, 'तुमच्या तीन नंबरला श्वास नाही.' मी म्हटलं, म्हणजे? म्हणाला, 'थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघतेय. मी वीस वेळा त्याच्या तोंडाला तोंड लावून वाकलो. वाफ नाही.'

"मी डेरेकला शोधायला गेलो. तो फोन बघत उभा होता. चेहरा पिठासारखा. फोन माझ्यापुढे धरला. कार्लाइलच्या गड्याचा मेसेज. सहा पन्नासचा. 'गाडी बंद पडली. खिंडीत अडकलोय. येत नाही. सॉरी.'

"मी म्हटलं, डेरेक, सामना थांबव.

"तो मैदानाकडे बघत राहिला. सगळे संत्री खात होते. तीन नंबर एकटाच मधल्या रेषेवर उभा. आमच्याकडे तोंड करून. तोंड खाली.

"डेरेक म्हणाला, 'थांबवला तर गेलो लीगबाहेर.'

"आणि फोन खिशात टाकला."

*

पातेल्यात चमचा तसाच होता. पाचांपैकी कुणीही हात लावत नव्हतं.

"अठ्ठावन्नावं मिनिट," आयव्हरकाका म्हणाले. "आम्ही दहा, ते नऊ. आमच्या पुढच्या रांगेतल्या मधल्याचं खांद्याचं हाड मोडलं. पुढची रांग पुरी नसेल तर सामना गेला. बदली एकच. सोळावं नाव. ती जागा भरायची म्हणून डेरेक दर वेळी स्वतःचं नाव लिहायचा. वय अठ्ठावन्न. तरुणपणी त्या मधल्याच जागेवर खेळायचा.

"सगळे ओरडायला लागले. ये, डेरेक! दोनच मिनिटं! फक्त उभा राहा!

"तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, 'आयव्हर, नाही म्हण. तू काहीतरी म्हण.'

"मी…"

भिंतीवरचं घड्याळ मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

"मी काही म्हटलं नाही. किटच्या वेळी म्हटलं नव्हतं. आता कुठल्या तोंडानं म्हणणार होतो?

"रेफरीनं विचारलं. डेरेक हो म्हणाला. आत गेला. मधल्याचे हात दोघांच्या खांद्यावर. कडेच्यांचे हात त्याच्या पाठीमागून. तीन नंबरचा हात आला. पाठीवरून. पलीकडच्या बरगडीपर्यंत. पकडलं. डेरेक ओरडला. हात गार आहे म्हणून ओरडला. तेव्हा कुणाला ऐकू गेलं नाही, त्यानंच नंतर सांगितलं.

"रेफरी म्हणाला, वाका.

"वाकले.

"भिडले.

"एक आवाज झाला. ओली फांदी मोडते तसा.

"माणसं उठली. मी मोजली. चौदा. डेरेक खाली. डोळे उघडे. आणि तीन नंबर त्याच्यावर वाकलेला. मान लोंबलेली, डेरेकच्या तोंडापाशी. तो काय बोलला ते आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही. डेरेकनं मला नंतर सांगितलं. आवाज अजून आहे त्याला. तेवढाच आहे.

"म्हणाला, 'किती मिनिटं झाली?'

"स्ट्रेचर आलं तेव्हा आम्ही मोजलं. तीन नंबर नव्हता. गेटमधून जाताना कुणी बघितला नाही. रेफरीच्या घड्याळात साठ मिनिटं आणि चार सेकंद. निकाल धरला. आम्ही जिंकलो."

"मग क्लब वाचला," रीस म्हणाला.

"मार्चमध्ये साथ आली. सगळे सामने बंद. आमच्या लीगनं ठरवलं, या वर्षी कुणाला खाली पाठवायचं नाही, कुणाला काढायचं नाही." आयव्हरकाका हसले. बरं हसू नव्हतं ते. "डेरेक त्या रात्री घरी बसला असता तरी क्लब वाचलाच असता. हे त्याला कुणी सांगायचं, यावर आमची मीटिंग झाली. मी सांगितलं."

"कशाला सांगितलंस?" फिन जवळजवळ ओरडलाच.

"त्यानं विचारलं म्हणून. तक्ता काय म्हणतोय, विचारलं."

रीसनं फोन उचलला. अंगठ्यानं एक ओळ पुसली. मग लीगच्या माणसाला फोन लावून दारापाशी गेला. "शनिवारी आमचे पंधरा होत नाहीयेत," तो म्हणाला. "हो. माहितेय तिसऱ्यांदा आहे ते. काढा."

एकशे तेवीस वर्षांचा क्लब असा, चार वाक्यांत. फिन रडत होता, आणि त्याला कुणी चिडवत नव्हतं. या पोरांत असं मी कधी बघितलं नव्हतं.

आयव्हरकाकांनी कोट घातला. मी बाही धरली. एरवी ते धरू देत नाहीत.

"डेरेक कुठे असतो आता?" मी विचारलं.

"पलीकडच्या गावी, नर्सिंग होममध्ये. रविवारी मी जातो. दाढी करून देतो, अंग पुसून देतो." त्यांनी कोटाचं बटण लावलं. "त्याच्या डाव्या बरगडीवर वळ होता. पकडीचा. चार बोटं आणि अंगठा, निळा. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत जाईल."

"गेला?"

"सहा वर्षं झाली." त्यांनी आवाज खाली आणला. पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "रंग अजून तोच. पण वळ जागेवर नाही. पहिल्या हिवाळ्यात बरगडीवर होता. मग काखेपाशी. गेल्या वर्षी खांद्याच्या हाडावर. डेरेकला तिथलं काही जाणवत नाही, दिसतही नाही. दर रविवारी मला विचारतो, आयव्हर, कुठवर आलाय? मी सांगतो, आहे तिथंच आहे."

"आणि खरं?"

आयव्हरकाकांनी कॉलर खाली ओढली. चार बोटं स्वतःच्या गळ्यावर एका बाजूनं ठेवली. मग अंगठा, दुसऱ्या बाजूनं.

आणि ते धुक्यात निघून गेले.